कॅम्पवर बार्बेक्यू लावताय? मग घरची नळी घरीच राहू द्या

पवना धरणाच्या काठावर एखाद्या शनिवारी संध्याकाळी नुसती चक्कर मारा. चिकन सकाळपासून मसाल्यात मुरतंय, पनीरचे तुकडे पट्टी लावून कापल्यासारखे, चिमटे नवेकोरे, गाडीला दिव्यांच्या माळा. आणि या सगळ्या थाटाला गॅस पुरवणारी नळी? ती स्वयंपाकघराच्या ओट्याखालून उपटून आणलेली, टोकाला तारेनं पिळलेली, कधी घेतली ते घरात कुणालाच सांगता न येणारी.

मी पुण्यात बरीच वर्षं एका गॅस एजन्सीकडून घरोघरी जाऊन जोडण्या तपासायचो. पेठांतल्या वाड्यांमधल्या काळोख्या मोऱ्यांपासून कोथरूड-बावधनच्या मॉड्युलर किचनपर्यंत सगळीकडे ओट्याखाली डोकं घातलंय. आता पुतण्यानं ट्रॅव्हलर व्हॅन घेऊन तिची कॅराव्हॅन, म्हणजे आत राहता-झोपता येईल अशी गाडी, करून घेतली आहे (गाडी आपल्या आकुर्डीच्या फोर्स मोटर्सचीच), आणि घरच्यांनी ठराव करून गॅसचं खातं माझ्याकडे दिलंय. त्या अधिकारानं लिहितोय. ज्यांना कोळशाची सिगडीच आवडते त्यांनी ती खुशाल वापरावी. फक्त तंबूच्या किंवा गाडीच्या आत न्यायची नाही. निखारे विझल्यासारखे दिसले तरी कार्बन मोनॉक्साइड सोडत असतात, आणि त्याला वासही नसतो. इथून पुढचं सगळं गॅसवाल्यांसाठी.

घरी नळी एकदा लावली की हलत नाही. ऊन नाही, पाय नाही, ओढाताण नाही. म्हणून तेल कंपन्या सांगतात की सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदला. कॅम्पवर तीच नळी गुंडाळली जाते, उलगडली जाते, तिच्यावर खुर्चीचा पाय येतो, कुत्रं तिला अडखळतं, दुपारभर ती उन्हात तापते आणि रात्री दवात भिजते. तेव्हा पाच वर्षांचा हिशेब इथे लावू नका. कॅम्पसाठी वेगळी नळी ठेवा, तिच्यावर पांढऱ्या रंगानं खूण करा आणि घरच्या शेगडीला ती कधीच लावू नका. उलटही करू नका.

नळी कुठली

एजन्सीत मिळते ती नारिंगी सुरक्षा नळी घ्या. तिच्या पोटात स्टीलच्या तारांची जाळी असते. नळीवर आयएसआयचा शिक्का, आयएस ९५७३ हा आकडा आणि उत्पादनाचं वर्ष छापलेलं असतं; दुकानातच उजेडात धरून वाचा. दीड मीटरची मिळते, तेवढी पुरते. बोहरी आळीत मीटरवर कापून मिळणारी हिरवी किंवा पारदर्शक नळी स्वस्त पडते हे मलाही ठाऊक आहे. बोहरी आळीतून बाकी काय हवं ते आणा, स्क्रू आणा, साखळी आणा, ताडपत्री आणा. ही नळी आणू नका.

दीड मीटर कमी पडते म्हणून दोन नळ्या मधे पितळी तुकडा घालून जोडणारे लोक मी पाहिले आहेत. एका नळीला टी आकाराचा जोड लावून दोन शेगड्या चालवणारेही पाहिले आहेत. प्रत्येक जोड म्हणजे गळतीची एक नवी जागा, आणि ती नेमकी गवतात, अंधारात, कुणाच्या तरी पायाखाली असते. नळी पुरत नसेल तर शेगडी जवळ आणा.

सिलिंडरचं म्हणाल तर घरचा १४.२ किलोचा लाल सिलिंडर पवनेला नेण्यात काही अर्थ नाही. तो तुमच्या पत्त्यावरच्या स्वयंपाकासाठी दिलेला आहे आणि भरलेला असताना जवळपास तीस किलो भरतो. पाच किलोचा छोटा सिलिंडर एजन्सीत आणि काही पेट्रोल पंपांवर ओळखपत्र दाखवून मिळतो. घेताना त्याच्या कड्याजवळच्या पट्टीवरचं अक्षर वाचा. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचे दोन आकडे वर्षाचे. बी-२९ लिहिलं असेल तर त्या सिलिंडरची पुढची चाचणी जून २०२९ पर्यंत व्हायला हवी. मुदत उलटलेला असेल तर तिथल्या तिथे परत करा, काउंटरवरचा माणूस कितीही घाईत असला तरी. रेग्युलेटरही त्याच सिलिंडरला बसणारा, त्याच एजन्सीतून घ्या. आणि डोक्यावरच बर्नर असलेल्या, गल्लीतल्या दुकानात मोठ्या सिलिंडरमधून भरून मिळणाऱ्या बुटक्या टाक्यांबद्दल मी काही लिहिणार नाही. त्या घेऊच नका.

जोडताना

सिलिंडरची पांढरी टोपी काढली की वॉल्व्हच्या आत डोकावून बघा. रबराची काळी रिंग जागेवर हवी, चिरलेली नको. ती नसेल तर रेग्युलेटर कितीही दाबून बसवा, कडेनं गॅस येणारच. सिलिंडर घरी पोचवणारा मुलगा वॉल्व्हवर थोडं पाणी टाकून बुडबुडे बघतो, तो याचसाठी. टोपी दोरीसकट सिलिंडरलाच राहू द्या, रात्री लागणार आहे.

नळी रेग्युलेटरच्या आणि शेगडीच्या नोजलवर खाचांच्या पार आतपर्यंत, साधारण दोन सेंटिमीटर, गेली पाहिजे. नवी नळी घट्ट जाते. टोक मिनिटभर कोमट पाण्यात बुडवलं की बसते. लायटरनं टोक शेकवून मऊ करायची एक पद्धत सर्रास दिसते. त्यानं रबर आतून कडक होतं आणि पुढच्या महिन्यात तिथेच भेग पडते. क्लिप लावायची तर लावा, पण ढिल्या नळीला क्लिप हा इलाज नाही. नळी हातानं ओढून निघत असेल तर ती बदलायची. तार पिळणं म्हणजे नळीला स्वतःच्या हातानं कापणं.

मग फेस. भांडी घासायचा लिक्विड साबण आणि पाणी एका वाटीत कालवा, स्पंजानं लावा. शेगडीच्या सगळ्या चाव्या बंद, रेग्युलेटर चालू. वॉल्व्ह आणि रेग्युलेटरचा सांधा, रेग्युलेटरचं नोजल, शेगडीचं नोजल, चाव्यांचे दांडे आणि मग पूर्ण नळी. बहुतेक लोक नळीच्या दोन टोकांना फेस लावून थांबतात. मधली नळीही ओली करा आणि बोटांमधे हळूच वाकवून बघा, कारण केसासारखी बारीक भेग सरळ नळीत मिटलेली असते आणि वाकवल्यावरच उघडते. फुगणारा बुडबुडा दिसला की काम तिथेच थांबलं. काडी पेटवून गळती शोधणाऱ्या काकांना प्रेमानं खुर्चीत बसवा आणि हातात कांदा कापायला द्या.

हे सगळं उजेड असताना करा. कामशेतहून पवनानगरला पोचेपर्यंत पाच वाजतात, मग तंबू, मग चहा, मग फोटो, आणि शेगडीची जोडणी सात वाजता मोबाइलच्या उजेडात. क्रम बदला. चहाच्या आधी गॅस.

कुठे ठेवायचं

यावर मी सगळ्यात जास्त भांडतो.

आपल्या सिलिंडरमधला गॅस हा प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण. प्रोपेन हवेच्या दीडपट जड, ब्युटेन दुप्पट. म्हणजे गळलेला गॅस वर उडून जात नाही, जमिनीलगत वाहतो आणि खळग्यात साचतो. हवेत त्याचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास झालं तरी ठिणगी पुरते. धरणाचा काठ उताराचा असतो. आता विचार करा: सिलिंडर वरच्या अंगाला, शेकोटी दहा पावलं खाली पाण्याजवळ, कारण तिथे फोटो छान येतो. नळी गळली तर गॅस कुठे जाईल? शेकोटी आणि तंबू उताराच्या खालच्या बाजूला येणार नाहीत अशीच गॅसची जागा निवडा. सिलिंडर सपाट जमिनीवर, उभा. आडवा केला तर वाफेऐवजी द्रव गॅस रेग्युलेटरमधे शिरतो, आणि एक लिटर द्रवाचा सुमारे अडीचशे लिटर गॅस होतो. ज्योत अचानक हातभर का वर आली याचं उत्तर पुष्कळदा हेच असतं.

सिलिंडर गाडीच्या आत ठेवून नळी दारातून बाहेर काढायची, ही कॅराव्हॅनवाल्यांची आवडती युक्ती. सरकतं दार कुणीतरी सवयीनं ओढतंच. नळी चेपते, ज्योत बारीक होते, कुणीतरी चावी मोठी करतं, मग कुणीतरी दार उघडतं. आणि आत गळती झालीच तर गॅस फरशीवर पसरून फ्रिज नाहीतर इन्व्हर्टरच्या एका ठिणगीची वाट बघत बसतो. सिलिंडर बाहेर. पाऊस आला तर छत्री धरा, पण बाहेरच.

नळी शेगडीच्या पोटाखालून जाता कामा नये. बार्बेक्यूचा तवा खाली चांगलाच तापतो, आणि वरून मसाल्याचं तेल आणि चरबी ठिबकते. तेलानं रबर सुजतं आणि पिचतं; शिवाय रात्री त्या वासावर उंदीर येतात. सिलिंडर शेगडीच्या बाजूला, नळीच्या लांबीत बसेल तेवढा दूर. नळीला थोडा सैल झोल हवा. ताणलेलीही नको आणि वेटोळं घातलेलीही नको. लोक ज्या बाजूनं प्लेट घेऊन येणार त्याच्या विरुद्ध बाजूनं ती न्या. आम्ही मधे फोल्डिंग टेबल आडवं टाकतो, म्हणजे पोरं तिकडून पळतच नाहीत. खुर्च्या मात्र सरकत सरकत येतात, तेव्हा अधूनमधून खाली बघत जा.

वारा ही धरणावरची खरी कटकट. संध्याकाळी तो दिशा बदलतो आणि दुपारी सुरक्षित वाटलेली जागा रात्री ज्योतीच्या तोंडाशी येते. ज्योत सिलिंडरकडे झुकायला लागली तर शेगडी बंद करून मांडणी फिरवा. दहा मिनिटांचं काम आहे. वाऱ्यासाठी आडोसा करताना तो शेगडीपुरताच, पत्र्याचा, एक बाजू उघडी ठेवून करा. शेगडी आणि सिलिंडर दोन्हीला वेढून कुणाच्या तरी वाढदिवसाचा जुना फ्लेक्स बांधलेला मी पाहिलाय. सगळी उष्णता आत कोंडलेली, आणि फ्लेक्सवर 'भाऊंना उदंड आयुष्य'.

डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत आणखी एक प्रकार होतो. ब्युटेन शून्य अंशाच्या जवळपास उकळतो, प्रोपेन उणे ४२ला. गॅस भराभर ओढला की सिलिंडर आपोआप गार पडतो, अंगावर पाणी सुटतं, ज्योत मंदावते. सिलिंडर शेकोटीजवळ सरकवायचा मोह होतो. नको. ज्योत कमी करून थोडा वेळ द्या, एका वेळी एकच बर्नर चालवा.

भट्टी आणि अमेरिकेचा पाहुणा

घरगुती रेग्युलेटर दाब उतरवून तीस मिलिबारच्या आसपास आणतो, म्हणजे पाण्याच्या तीस सेंटिमीटर उंचीच्या स्तंभाइतका. नारिंगी नळी त्या कामासाठी आहे. पावभाजीच्या गाडीवरच्या भट्टीचा फिरकीचा रेग्युलेटर याच्या कित्येक पट दाब सोडतो. मोठा ग्रुप आहे म्हणून भट्टी आणलीत तर तिची नळी जाड, जास्त दाबाची, घट्ट आवळलेल्या कपलिंगची हवी. नसेल तर भट्टी नको. दोन छोट्या शेगड्या आणा.

हल्ली घरोघरी कुणाचा तरी मुलगा तिकडे असतो, आणि तो येताना घडीचा ग्रिल घेऊन येतो. तिथला दाबाचा आकडा ११ इंच पाण्याचा, म्हणजे २८ सेंटिमीटर. आपल्या जवळपासच. अडचण तोंडाची आहे. त्यांच्या वीस पौंडी टाकीला आट्यांचं तोंड असतं आणि नळीच्या टोकाला हातानं फिरवायची जाड चकती. आपल्या सिलिंडरवर रेग्युलेटर दाबून बसतो. शिवाय तिकडच्या मोठ्या कॅराव्हॅनला टाकी पक्की बसवलेली असते, दाब तिथेच उतरवलेला असतो आणि गाडीच्या कुशीला झटक्यात जोडायचं एक तोंड काढलेलं असतं. तिथे स्वतःचा रेग्युलेटर असलेला ग्रिल लावला की दाब दोनदा उतरतो आणि ज्योत जेमतेम लुकलुकते, म्हणून तिकडचे लोक व्हिडिओत तो रेग्युलेटर काढून टाकताना दिसतात. तो व्हिडिओ बघून आपल्याकडच्या सिलिंडरवर रेग्युलेटरशिवाय ग्रिल लावायला निघालेला एक सद्गृहस्थ मला मुळशीला भेटला होता. त्याला मी चहा पाजला आणि ग्रिल डिकीत ठेवायला लावला. आपल्याकडे रेग्युलेटर सिलिंडरवरच, नेहमी. मधे ॲडॉप्टरची साखळी लावून जुळवाजुळव करू नका. तो ग्रिल आवडतच असेल तर आपल्या नळीला बसणारं नोजल गॅस शेगड्यांच्या चांगल्या मेकॅनिककडून घालून घ्या आणि बर्नरची जेट (गॅस सोडणारं बारीक भोक) आपल्या गॅसला चालते का तेही त्यालाच तपासू द्या.

बंद करताना आणि काही बिघडलं तर

जेवण उरकलं की आधी रेग्युलेटर बंद करा, बर्नर पेटता असू द्या. नळीतला उरलेला गॅस जळून ज्योत आपोआप विझते, मग चावी बंद. याचा फायदा असा की रात्री नळी रिकामी असते. मग रेग्युलेटर काढा, टोपी लावा. झोपताना रेग्युलेटर चालू ठेवून 'सकाळी चहाला लागेल' म्हणणाऱ्यांना माझ्याशी बोलावं लागतं.

वास आला आणि ज्योत नसेल तर: रेग्युलेटर बंद, टोपी, सिलिंडर मोकळ्यावर. शेकोटीवर पाणी किंवा माती. गाडी सुरू करायची नाही, कुठलाही दिवा चालू नाही आणि बंदही नाही. वारा ज्या बाजूनं येतोय त्या बाजूला सगळ्यांना न्या. गॅसला मुळात वास नसतो. तो कुजकट वास मर्केप्टन नावाचं रसायन मुद्दाम घालून आणलेला असतो, तेव्हा 'बहुतेक गटाराचा असेल' असं धरणाच्या काठी म्हणू नका.

नळीनंच पेट घेतला तर नळीवर पाणी ओतत बसण्यापेक्षा रेग्युलेटरपर्यंत पोचता येतंय का ते बघा. ओली चादर किंवा ओलं गोणपाट हातावर घेऊन चावी फिरवली की आग उपाशी मरते. म्हणून ओलं गोणपाट सुरुवातीपासून बादलीत हवं, आणि गाडीच्या दाराशी कोरड्या पावडरीचा छोटा अग्निशामक. आग वॉल्व्हवरच असेल आणि जवळ जाता येत नसेल तर सोडून द्या, माणसं लांब न्या. तापलेला सिलिंडर फुटू शकतो. गॅसगळतीचा मदत क्रमांक १९०६, अग्निशमन १०१, आणि सगळ्यासाठी ११२. काठावर सगळीकडे नेटवर्क येत नाही, तर पोचल्यावर कुठे उभं राहिलं की फोन लागतो ते बघून ठेवा. भाजलं तर वीस मिनिटं गार वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद, तूप काही नको.

परतल्यावर

गाडीत सिलिंडर उभा, पट्ट्यानं बांधलेला, रेग्युलेटर काढलेला, काच थोडी खाली. पौडमार्गे आलात तर रस्ता सगळं हलवून बघतोच.

नळी घरी आणून ओल्या फडक्यानं पुसा, वाळवा, थाळीएवढं मोठं वेटोळं करून सावलीत टांगा. घडी नको, डॅशबोर्ड नको, डिझेलच्या कॅनशेजारी तर नकोच. दोन्ही टोकांना फडकं बांधा. कोळी आणि कुंभारीण माशी यांना बारीक भोकं फार आवडतात. बर्नरच्या नळीत त्यांनी मातीचं घर केलं तर गॅस पुढे जात नाही, मागे येऊन चावीपाशी पेटतो. ज्योत पिवळी आणि आळशी दिसली की आधी तिथे शंका घ्या, आणि बर्नर काढून ब्रशनं साफ करा.

पावसाळ्याचे चार महिने गाडी पार्किंगला उभी असते आणि उंदरांना मोकळं रान मिळतं. दसऱ्याला गाडीला हार घालताना नळी बाहेर काढा. अख्खी नळी बोटांतून फिरवा. कुठे कडक लागतेय का, चिकट झालीय का, कुरतडल्याच्या बारीक खुणा आहेत का, जाळीची तार कुठे टोचतेय का. यातलं एक जरी सापडलं तरी नवी आणा. दोनशे रुपयांच्या आत-बाहेर येते, एवढ्यात पनीरचं एक पाकीट येतं. जुनी कचऱ्यात टाकताना मात्र कात्रीनं तीन-चार ठिकाणी कापून टाका, नाहीतर सोसायटीतलं कुणीतरी 'अजून चांगली आहे की' म्हणत ती उचलून आपल्या शेगडीला लावेल.